चिनी कपाटाचा काळा

आमच्या डिंडोलीच्या गल्लीत माणसाची नखं बघून तो कुठे कामाला जातो ते सांगता यायचं. पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्यांची नखं निळी, नाहीतर लाल. लूमवर जाणाऱ्यांची नखं साधी असायची, पण त्यांच्याशी ओरडून बोलावं लागायचं, कारण त्यांचे कान गेलेले. माझ्या नवऱ्याची नखं तपकिरी होती. लग्न होऊन मी अमळनेराकडून इथे आले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पहिल्यांदा मला हेच विचारलं, की तुझा माणूस नेमकं करतो काय?

"जुनं फर्निचर नवं करतात," मी ऐटीत सांगितलं.

ते चूक होतं. जुन्याचं नवं कुणीही पॉलिशवाला करून देतो. आमचे हे (नवऱ्याचं नाव तेव्हा घेत नव्हते, आता घ्यायला जीभ वळत नाही) जुनं जुनंच ठेवायचे. फुटलेलं, किडलेलं, पाण्यात कुजलेलं सामान असं सांधायचे की बघणाऱ्याला वाटावं, याला कधी काही झालंच नव्हतं. घराणं सुताराचं. गावाला सासरे बैलगाड्या करायचे, आणि मुलगा सुरतेत येऊन मेमसाहेबांची कपाटं दुरुस्त करत होता. सासरे जिवंत असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता.

शेठचं गोडाऊन नानपुऱ्यात, तापीच्या बाजूला होतं. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरची ती वर्षं. प्लेगात निम्मी सुरत पळाली, आम्हीही गाठोडी बांधून गावाला पळालो, आणि परत आलो तर शहर ओळखू येईना. रस्ते रुंद होत होते, घरांच्या पुढच्या भिंती पाडल्या जात होत्या. त्या घरांतून, आणि जिथे एखादी म्हातारी पारशीण तेवढी उरली होती अशा घरांतून, सामान बाहेर पडत होतं. शेठ सकाळी टेम्पो घेऊन निघायचे. कोण आजारी आहे, कोण गेलं, कोणाची मुलं परदेशातून आली आणि कधी परत जाणार, याची खबर त्यांना सगळ्यांच्या आधी लागलेली असायची. मी त्यांना मनातल्या मनात गिधाड म्हणायची. पण त्या गिधाडाच्या जिवावरच आमची चूल पेटत होती, तेव्हा मोठ्याने कधी म्हटलं नाही.

मीही गोडाऊनला जायला लागले. घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवण्यापेक्षा ते बरं वाटायचं. माझं काम पुसायचं. चिनी कपाटांवर सोनेरी रंगाने काढलेली माणसं, पूल, झाडं असायची, आणि त्यांच्यावर शंभर वर्षांचा धूर, धूळ आणि झुरळांची घाण बसलेली असायची. साबण चालायचा नाही, पाणी जास्त झालं की सोनं उठून यायचं. कापसाचा बोळा थुंकीने ओला करून हळूहळू फिरवायचा. आमच्या यांनीच हे शिकवलं. दुपारपर्यंत तोंडाला कोरड पडायची. हजारांच्या वस्तूवर दिवसभर थुंकायला मिळतं म्हणून मी गल्लीतल्या बायकांना चिडवायची, त्यांना ते खरं वाटायचं नाही.

या कपाटांचा इतिहास मी शेठच्या तोंडून शिकले. गिऱ्हाईक आलं की ते सुरू व्हायचे आणि मी मागे बसून ऐकायची. इथले पारशी व्यापारी जहाजांनी चीनला जायचे, कँटन बंदरात. जाताना कापूस न्यायचे, अफूही न्यायचे. अफूचं नाव शेठ फक्त गिऱ्हाईक मुसलमान किंवा हिंदू असेल तर घ्यायचे, पारशी असेल तर कापसावरच थांबायचे. येताना रेशीम, कपबश्या आणि हे लाकूडसामान यायचं. चिनी सुतार साहेबांच्या घाटाची टेबलं-कपाटं करायचे आणि वर आपलं नक्षीकाम चढवायचे. एका झाडाचा चीक असतो, त्याचे थरावर थर देऊन, घासून, परत थर देऊन तो काळा रंग यायचा. मग विलायतेत या सामानाचं वेड लागलं. जहाजांना पुरवठा होईना, तेव्हा तिकडच्याच सुतारांनी नक्कल सुरू केली. चीन कधी न पाहिलेल्या माणसांनी चीन काढला. छत्रीएवढी फुलं, फुलाएवढी घरं, आणि हवेत लोंबकळणारे पूल. तेही पुढे साहेबांबरोबर हिंदुस्थानात आलं, साहेब गेले तेव्हा मागे राहिलं. आमच्या गोडाऊनमध्ये दोन्ही जातींचं सामान एकमेकांना टेकून उभं असायचं.

दोन्ही ओळखायची एक खूण होती. विलायती नकलेवरचा काळा आपल्याच लाखेचा, म्हणजे चपड्याचा. त्या झाडाचा चीक तिकडे मिळत नव्हता, म्हणून इकडून लाख गेली आणि चीन होऊन परत आली. मागच्या अंगाला स्पिरिटचा बोळा लावला की तो काळा चिकट होतो. खऱ्या चिनी काळ्याला स्पिरिटने काही होत नाही. म्हणून नकलेची दुरुस्ती सोपी, नवा चपडा जुन्यात विरघळून एक होतो. खऱ्या चिनी कपाटावर मात्र तो वेगळाच दिसतो. उन्हात धरलं की निळसर मारतो, ठिगळ लावल्यासारखा.

ते कपाट आलं ते पावसाळ्याच्या तोंडाशी. शहापोरमधल्या एका म्हातारीच्या घरचं. आदल्या पावसाळ्यात तिच्या दिवाणखान्यात तापीचं पाणी शिरलं होतं आणि कपाट त्यात उभं राहिलं होतं. ते पाणी उतरलं, मग केव्हातरी म्हातारीही गेली. ती गेली हे शेजाऱ्यांना वासावरून कळलं, असं टेम्पोवाल्याने सांगितलं. पुतण्या आला, त्याने नाकाला रुमाल लावून घर दाखवलं आणि सगळं विकून टाकलं. कपाट दोन दारांचं होतं, माझ्या डोक्याच्या वर जाणारं. वरचा भाग इतका सुंदर होता की मी पुसता पुसता थांबायची. आणि उजव्या दाराचा खालचा भाग, जिथे पुलावरून दोन माणसं चालली होती, तिथून काळ्याचे पापुद्रे निघून खालचं लाकूड उघडं पडलं होतं.

मुंबईचा एक मोठा गिऱ्हाईक शेठने धरून ठेवला होता. त्याची अट एकच होती, दुरुस्त केलेला माल नको.

आमच्या यांनी त्या दारावर सगळं करून बघितलं. काजळ घालून चपडा लावला, तर तो निळसर मारायला लागला. त्यात जरा लाल टाकला तर मातकट झाला. घासून काढायचे, परत लावायचे. घरी आल्यावर जेवताना ताटाकडे लक्ष नसायचं. मी काही बोलले की म्हणायचे, "हं." तरण्या बाईने किती दिवस हं ऐकायचं? मी एकदा म्हटलंही, की त्या कपाटाशीच लग्न करायचं होतं. तेव्हा मात्र हसले.

मग एक दिवस त्यांना बिब्बा आठवला.

खानदेशात बिब्बा सगळ्यांच्या घरात असतो. लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात, बाळंतिणीला त्याची गोडंबी खाऊ घालतात, धोबी त्याने कपड्यांवर खुणा करतो आणि कापड फाटलं तरी ती खूण जात नाही. सासरे गाडीच्या आसाला बिब्ब्याचं तेल लावायचे. ते लाकडात मुरतं, वाळतं आणि असा काळा रंग देतं की त्याच्यापुढे डांबर फिकं पडावं. तितकाच बिब्बा वाईटही. कुणाला त्याचा नुसता डाग पडला तरी अंग सुजतं, फोड येतात, पाणी सुटतं. त्याला बिब्बा उतणं म्हणतात. कुणाला उततो आणि कुणाला नाही, हे लागल्याशिवाय कळत नाही. पण गावात सगळे धरून चालतात, की ज्याला लहानपणी उतला नाही त्याला तो कधीच उतणार नाही. हे त्यातलेच. लहानपणापासून बापाच्या हाताखाली तेलात हात घातलेला, साधी खाज सुटली नव्हती.

सासूबाई आमच्याकडेच राहायच्या, त्यांच्या डब्यात मूठभर बिब्बे होते. एक ठेचून यांनी लाकडाच्या तुकड्यावर घासला, दोन दिवस ठेवला, आणि तो तुकडा कपाटाच्या दाराशी धरला. मी बाजूला उभी होते. तुकडा कुठे संपतो आणि दार कुठे सुरू होतं ते समजत नव्हतं. यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला लग्नाच्या दिवशीही तसं बघितलं नव्हतं.

पण दाराला पुरेल एवढं तेल ठेचून निघत नाही. ते काढायला बिब्बे तापवावे लागतात. गावाला हे काम वस्तीपासून लांब, शेताच्या बांधावर करतात. खाली एक मडकं पुरायचं, वर बिब्बे भरलेलं, बुडाला भोकं पाडलेलं मडकं ठेवायचं आणि भोवती गोवऱ्या पेटवायच्या. माणसं वाऱ्याची दिशा बघून दुसऱ्या बाजूला बसतात. गावाहून येणाऱ्या एकाने पिशवीभर बिब्बे आणून दिले, तेव्हा सासूबाईंनी पिशवी बघताच विचारलं, "आठे कोठे करशी? बिब्बाना धूर शे तो. गावबाहेर करतस."

"माले काय व्हस?" हे म्हणाले. "न्हानपनपाईन हात लायेल शे."

सासूबाईंनी मान डोलावली, कारण ते खरं होतं. मलाही ते पटलं. हात लावणं वेगळं आणि धूर वेगळा, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. गावात तो धूर कुणी कधी घेतलाच नव्हता, वारा त्याला घेऊन जायचा.

त्या दिवशी पाऊस होता. मी घरीच होते. गोडाऊनच्या मागच्या वाड्यात जागा होती, पण तिथे पाणी साचलेलं. यांनी आतच शेगडी पेटवली. शटर अर्धं उघडं ठेवलं होतं, ते शेठनी जाताना खाली ओढायला लावलं. बाजूला दुसऱ्या एकाचं जुन्या सामानाचंच दुकान होतं. "बाजूवाला देखेगा तो कल से वो भी करेगा," असं म्हणाले, आणि जेवायला घरी गेले.

संध्याकाळी रिक्षावाल्याने यांना दारात उतरवलं तेव्हा मी ओळखलं नाही. तोंड भाकरीसारखं फुगलं होतं, ओठ उलटे झाले होते, डोळ्यांच्या जागी दोन चिरा. श्वास घेताना घशातून आवाज येत होता. सासूबाईंनी खोबरं वाटलं, तीळ वाटले, अंगभर लेप दिला. ते बरोबर होतं, बिब्ब्यावर तेच करतात. डोळ्यांसाठी शेजारची बाळंतीण तिचं दूध वाटीत काढून देऊन गेली, ते थेंब थेंब डोळ्यांत सोडलं. गल्लीतले सगळे येऊन बघून गेले. बिब्बा उतलाय म्हटल्यावर प्रत्येकाला धीर आला, कारण ते ओळखीचं दुखणं होतं. आठवड्यात उतरेल, सगळे म्हणाले.

सकाळी हे उठले आणि भिंत चाचपत शर्ट शोधायला लागले.

"आज नका जावू," मी म्हटलं. "डोया ते उघडत नही."

"तेल घट्ट व्हई जाई. मंग ते काम गयं समज."

मी दारात आडवी उभी राहिले. भांडले, रडले, सासूबाईंना मध्ये घातलं. माझा स्वभाव तसा गरमच, पण त्या दिवशी मी त्यांना जे जे बोलले ते आजही कुणाला सांगणार नाही. यांनी मला हाताने बाजूला केलं, रागाने नाही, एखादी खुर्ची सरकवावी तसं. शेठनी रिक्षा पाठवली होतीच. मग मी बरोबर गेले, काय करणार?

बोटांनी वरची पापणी उचलून धरायची आणि त्या फटीतून बघायचं, असं करत यांनी दाराला तेलाचा हात दिला. दुसऱ्या हातात कापडाची पुरचुंडी, तेलात बुडवलेली. मी म्हटलं, पापणी मी धरते, तर म्हणाले, दूर राहा, तुला उतेल. पापणीवरचं बोट आणि तेलाचं बोट यांची अदलाबदल किती वेळा झाली असेल, ते मी बघत होते. डोळ्यातून पाणी गळत होतं, ते बाहीने पुसत होते, आणि त्या बाहीला तेल होतं. मी दोनदा ओरडले. शेठ गल्ल्यावरून उठून आले, बघितलं, आणि म्हणाले, "थोडुंज बाकी छे."

थोडंच राहिलं होतं, हेही खरं. दुपारपर्यंत दार पुरं झालं. शेठनी ते आतल्या खोलीत वाळायला ठेवलं आणि वर चादर टाकली.

आठवड्यात सूज उतरली. अंगाची सालं निघाली, खाली नवी गुलाबी कातडी आली. डोळे मात्र लालच राहिले. मेडिकलवाल्याने थेंब दिले, त्याने लाली गेली आणि आम्ही खूश झालो. लाली गेली आणि त्या जागी पांढरं दिसायला लागलं. आधी मला वाटलं उजेडाची तिरीप पडली असेल. मी यांना खिडकीपासून हलवलं, तरी ते पांढरं तिथेच.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिने बॅटरी मारली, बराच वेळ बघितलं आणि आधी मला विचारलं, की इतके दिवस कुठे होतात? दोन्ही बुबुळांवर फूल पडलं होतं. आत जखम झाली होती, ती भरताना पांढरी झाली. कुणाचा तरी डोळा मिळाला तर बसवता येईल, म्हणाली, पण कधी ते सांगता येत नाही. काम काय करतात विचारलं. मी बिब्ब्याचं आणि चिनी कपाटाचं सगळं सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, की चीनमधल्या त्या झाडाचा चीक आणि आपला बिब्बा, दोन्ही एकाच कुळातले. तिकडेही ते काम करणाऱ्यांची तोंडं अशीच सुजतात. ती हे चांगल्या मनाने सांगत होती. आमच्या यांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हनीसन जमनं." म्हणजे म्हणून तो काळा जुळला. मला वाटलं, तिथेच बाकावर डोकं आपटावं.

त्यानंतर यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं. दारात कोणी उभं राहिलं की कळायचं, कोण ते नाही. शेठ एकदा फळं घेऊन आले, बरा झालास की तुझी जागा तुझीच, असं म्हणून गेले. मी तोवर गोडाऊनमध्ये पुसायला जाणं सोडलं होतं. परत टिकल्या चिकटवायला लागले होते. हे भिंतीला टेकून बसायचे आणि एकच विचारायचे. दार वाळलं असेल का? कसं दिसत असेल? ओल्यात सगळे काळे सारखेच दिसतात, वाळल्यावर कळतं. यांनी ते वाळलेलं बघितलं नव्हतं.

"जाय ना, दखी ये," असं रोज म्हणायचे. मी नाही म्हणायची. मला ते कपाट जन्मात बघायचं नव्हतं. शेवटी दिवाळीनंतर एकदा गेले, ते यांची रंधे-पटाशी आणायच्या निमित्ताने.

गोडाऊनमध्ये मुंबईचा गिऱ्हाईक आला होता, बायकोला घेऊन. कपाट उजेडात मधोमध उभं केलं होतं. माणूस जाणकार होता. गुडघ्यावर बसून तो बॅटरी मारून एकेक दार बघत होता, नख लावत होता, नाक जवळ नेऊन हुंगत होता. मी हत्यारांच्या पेटीपाशी उभी राहिले आणि उजव्या दाराकडे बघितलं. खालचा भाग, पुलाच्या खाली. मला जागा पाठ होती. तरी मला ती सापडली नाही. वरून खालपर्यंत एकच काळा होता, शांत, खोल. पुलावरची दोन माणसं त्यावरून चालली होती. सोनं शेठनी दुसऱ्या कुणाकडून भरून घेतलं असणार.

गिऱ्हाइकाने त्याच जागेवर तळहात ठेवला आणि फिरवला. मी मनात म्हटलं, उतू दे. खरंच म्हटलं. कोपरापर्यंत उतू दे. काही झालं नाही, ते केव्हाच वाळलं होतं.

"इसमें कुछ किया है क्या?" त्याने विचारलं.

"कोईनो हाथ नथी लाग्यो," शेठ म्हणाले. "जेवुं चीनथी आव्युं, तेवुं ज." मी तिथेच उभी होते आणि शेठ माझ्याकडे बघून न अडखळता ते म्हणाले, की याला कुणाचा हात लागलेला नाही. गिऱ्हाइकाच्या बायकोने माझ्याकडे बोट करून ही कोण म्हणून विचारलं. "सफाईवाळी," शेठ म्हणाले. मी पेटी उचलली आणि निघाले. बोलायला तोंडात खूप काही होतं. पण मी बोलले असते तर दाराची दुरुस्ती उघडी पडली असती, सौदा मोडला असता, आणि यांनी डोळे घालून केलेलं काम मीच फुकट घालवलं असतं. ते मला करवेना.

उधन्यापर्यंत रिक्षाने आले, तिथून घरापर्यंत चालत. पेटी जड होती.

हे उंबऱ्यात बसले होते. माझ्या पावलांवरून ओळखलं, आणि मी पेटी खाली ठेवायच्या आत विचारलं, "दखास का कोठे?"

वाटेत मी ठरवलं होतं, की हो म्हणायचं. ठिगळ स्पष्ट दिसतं, निळं मारतं, शेठ वैतागले आहेत, असं सांगायचं. म्हणजे तरी यांना राग येईल, शिव्या देतील, कुणाला नाही तर त्या बिब्ब्याला. पण तोंड वर करून ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे मी जिथे असेन असं त्यांना वाटत होतं तिकडे बघत होते.

"नही दखात," मी म्हटलं.

"खरंच?"

"कोठेच नही. तो मुंबईवाला बॅटरी मारून दखी ऱ्हायना व्हता. त्याले बी सापडनं नही."

यांचा चेहरा उजळला. मांडीवर थाप मारून हसले, आत सासूबाईंना हाक मारून ते सांगितलं, पुन्हा हसले. त्या दिवशी शेठचाही मला आला नव्हता एवढा राग मला यांच्या त्या आनंदाचा आला.